आधी इंजिन की आधी जॅकेट? उजनीकाठच्या मच्छीमारांपुढं खरेदीचा खरा प्रश्न

मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला, इंजिन आणि गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला, अनुदानाच्या योजना आहेतच. त्यामुळं करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांत उजनीच्या फुगवट्यावर पोट असलेल्या घरांत आता नवी होडी, नवं इंजिन, नवी गाडी घ्यायची चर्चा सुरू आहे. पण पैसा हातात आला की पहिल्यांदा काय घ्यायचं, हा प्रश्न दरापेक्षा मोठा आहे. क्रम चुकला तर कर्ज डोक्यावर राहतं. आणि पाण्यात तर जीवच जातो.

21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी सहा जण बुडाले, एकजण पोहून काठाला लागला. त्याआधी 2017 च्या एप्रिलअखेरीला याच जलाशयात बोट बुडून चार डॉक्टरांचा जीव गेला होता. दोन्ही घटना उन्हाळ्यातल्या, म्हणजे वळवाच्या दिवसांतल्या. या बोटी मासे धरायला निघालेल्या नव्हत्या, हे खरं. पण पाणी तेच, वारा तोच, आणि पहाटे जाळी काढायला एकटा-दुकटा निघणारा मच्छीमारही त्याच पाण्यावर असतो.

बदललं काय?

22 एप्रिल 2025 ला राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला मिळतं तसं सवलतीचं वीजबिल, कर्ज, विमा मच्छीमाराला आणि मत्स्यपालकाला मिळावं, असा त्याचा अर्थ. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. 15 एचपीपर्यंतच्या ठरावीक वेगाच्या डिझेल इंजिनावरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकली, तीनचाकी आणि मालवाहू गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्के झाला.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 पासून आहे. त्यात सर्वसाधारण गटाला खर्चाच्या 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थ्यांना 60 टक्के अनुदान आहे. शीतपेटीसह मोटारसायकल, शीतपेटीसह तीनचाकी, शीतपेटीसह सायकल अशी साधनं यात बसतात.

इथं एक मेख आहे, ती आधी समजून घेतली पाहिजे. अनुदान दुकानदाराच्या बिलावर नाही, योजनेनं ठरवलेल्या किमतीवर मिळतं. शीतपेटीसह मोटारसायकलीची ही किंमत 75 हजार धरलेली आहे. म्हणजे 40 टक्क्यांनी 30 हजार आणि 60 टक्क्यांनी 45 हजार. गाडी पेटीसकट रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या पुढं गेली, तर वरचे सगळे आपल्या खिशातून. तीनचाकीची किंमत 3 लाख धरलेली आहे, त्यावर 1 लाख 20 हजार किंवा 1 लाख 80 हजार.

दुसरी गोष्ट, अनुदान मागून येतं. आधी आपण खर्च करायचा, मग तपासणी, मग पैसे. मधल्या काळात ज्यानं हातउसने किंवा सावकाराकडून घेतले, त्याचं अर्धं अनुदान व्याजातच जातं. म्हणून "अनुदान आहे, घेऊन टाकू" हा हिशेब पाण्यात भिजलेल्या कागदासारखा आहे. आधी आपल्या ऐपतीत काय बसतं ते बघायचं, अनुदान वरचं समजायचं.

किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारालाही मिळतं. वेळेत फेड केली तर व्याज 4 टक्क्यांवर येतं, आणि 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही. पण हे कर्ज खेळत्या भांडवलासाठी आहे. जाळी, बर्फ, डिझेल, मजुरी यासाठी. या पैशातून गाडीचं डाउन पेमेंट भरलं, की हंगामात बर्फाला पैसे उरत नाहीत. शेतात पीककर्ज ट्रॅक्टरच्या हप्त्याला गेल्यावर जे होतं, तेच इथंही होतं.

भरवशाचं म्हणजे काय?

उजनीत जुन्या काळी गुळाच्या काहिलीत बसून लोक पाणी ओलांडायचे. अजूनही काही ठिकाणी ट्रकची हवा भरलेली ट्यूब आणि थर्माकोलचा तराफा दिसतो. त्यातून पत्र्याची होडी, मग फायबरची बोट, मग इंजिन असा प्रवास झाला. नवं साधन चांगलंच असतं असं नाही, आणि जुनं टाकाऊ असतं असंही नाही. भरवशाचं साधन ओळखायच्या तीन साध्या कसोट्या आहेत.

पहिली, ते बिघडल्यावर तालुक्याच्या गावात दुरुस्त होतं का? दुसरी, त्याचा सुटा भाग दोन दिवसांत मिळतो का? तिसरी, ते पाण्याच्या मध्यात बंद पडलं तर माणूस काठाला येऊ शकतो का? तिन्हीचं उत्तर हो असेल, तर साधन भरवशाचं. एकाचंही नाही असेल, तर ते कितीही चकचकीत असलं तरी घ्यायच्या आधी दहादा विचार करावा.

होडी : पत्रा की फायबर?

पत्र्याची होडी वेल्डिंगवाला कुठंही सांधतो, हा तिचा मोठा गुण. दोष असा की ती गंजते, जड असते, आणि पाणी भरलं तर दगडासारखी खाली जाते. फायबर हलकी, वल्हवायला सोपी, गंजत नाही. पण खडकावर आपटली तर तडा जातो, आणि तो वेळीच बुजवला नाही तर पाणी आतल्या थरात शिरतं. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की जुन्या गावांच्या भिंती, विहिरीचे कठडे, बाभळीचे बुंधे वर येतात. तिथं फायबरला जपावं लागतं.

कुठलीही घ्या, एक गोष्ट बघून घ्या. पुढच्या आणि मागच्या टोकाला हवाबंद कप्पे आहेत का, किंवा त्यात फोम भरलेला आहे का. असे कप्पे असले तर होडी पाण्यानं भरली तरी तळाला जात नाही, माणसाला धरायला आधार राहतो. विकणारा "आहेत" म्हणाला तर काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात होडी भरून दाखवायला सांगावं. ती तरंगली तर खरं. पत्र्याच्या जुन्या होडीलाही बसायच्या फळीखाली घट्ट बंद केलेले प्लॅस्टिकचे रिकामे कॅन पक्के बांधून हे काम भागतं. खर्च काही शे रुपयांचा.

माल आणि माणसं चढल्यावर होडीची कड पाण्याच्या वर किमान वीतभर तरी राहिली पाहिजे. ती त्याच्या खाली आली की एक मोठी लाट पुरते.

इंजिन : मोठं कशाला?

साध्या होडीला 8-10 एचपीचं इंजिन बहुतेक कामाला पुरतं. मोठं इंजिन घेतलं की इंधन जास्त, मागच्या बाजूला वजन जास्त, आणि होडीची मागची फळी त्यासाठी केलेली नसेल तर तडकते. उजनीकाठी डिझेल इंजिनाचे मिस्त्री गावोगाव आहेत, कारण तीच माणसं शेतातलं पंपाचं इंजिन दुरुस्त करतात. पेट्रोलवर चालणारं, मागं लटकवायचं आऊटबोर्ड इंजिन हलकं आणि वेगवान असतं, पण त्याचा जाणकार मिस्त्री आणि पार्ट प्रत्येक तालुक्यात मिळेलच असं नाही. घ्यायच्या आधी दुकानदाराला नाही, जे वापरतात त्यांना विचारावं, की मागच्या वर्षी किती दिवस बंद होतं.

पेट्रोल इंजिनाची एक नवी अडचण आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. इंजिन महिना-दोन महिने उभं राहणार असेल तर टाकीतलं आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवावं, नाहीतर हंगामाच्या पहिल्याच दिवशी दोरी ओढून ओढून हात दुखतात.

इंजिन असलं तरी दोन वल्ही होडीत हवीतच. त्यासोबत एक जादा स्पार्क प्लग, सुरू करायची दोरी, पंख्याची शिअर पिन, पान्हा आणि पाणी उपसायला डबा. हे सगळं एका पिशवीत मावतं.

कायद्याचंही बघावं लागेल. 2021 च्या अंतर्देशीय जलवाहन कायद्यानं इंजिनाच्या होड्यांची तपासणी आणि नोंदणी सांगितली आहे, बिनइंजिनाच्या होड्यांची स्थानिक पातळीवर नोंद सांगितली आहे. राज्यात हे काम मेरीटाईम बोर्डाकडं येतं. होडीची नोंदच नसेल, तर अपघातानंतर भरपाई मागायला गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

जाळं : स्वस्त तंगूस महागात पडतं

जाळ्याच्या बाजारात तंगुसाच्या जाळ्याची चलती आहे. पाण्यात दिसत नाही, मासा पटकन अडकतो, दर कमी. पण ऊन खाऊन ते कडक होतं, तुटतं, आणि तुटलेलं शिवण्यापेक्षा फेकून देणं सोपं वाटतं. फेकलेलं जाळं पाण्यात कुजत नाही, वर्षानुवर्षं मासे, कासवं, पाणपक्षी त्यात अडकून मरत राहतात. भिगवणला फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या पर्यटकांवर कित्येक होडीवाल्यांचं हिवाळ्यातलं पोट चालतं. तेच पक्षी आपल्या टाकलेल्या जाळ्यात गुरफटले, तर नुकसान आपलंच. पीळ दिलेल्या नायलॉन धाग्याचं जाळं महाग असलं तरी शिवता येतं आणि सावलीत ठेवलं तर जास्त टिकतं.

त्याहून मोठा प्रश्न आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या आकाराचा. बारीक आसाच्या जाळ्यात बोटाएवढी पिलंही येतात. आज शंभर ग्रॅमचा कटला मातीमोल दरानं जातो, तोच जलाशयात राहिला तर वर्षभरात किलोच्या आसपास जातो. शेतकऱ्यानं ज्वारी पोटरीत असताना कापून वैरण म्हणून विकावी, तसलाच हा व्यवहार. आणि एकानं बारीक जाळं लावलं की शेजारच्यालाही वाटतं, मी सोडलं तर तो धरणारच. हा प्रश्न एकट्यानं सुटत नाही. मच्छीमार संस्थेनं आस ठरवायचा आणि जाळी एकत्र खरेदी करायची, तर दरही कमी पडतो आणि बारीक जाळं काठावर येतच नाही.

जाळ्याचाही नाद नको म्हणून काहीजण बॅटरीचा करंट, सुरुंगाची दारू किंवा विषारी औषध वापरतात. स्फोटकं आणि विष घालून मासे मारणं इंग्रजांच्या 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. करंट तर धरणाऱ्यालाच धरतो, ओल्या अंगाला वीज ओळखत नाही. रानडुकरासाठी तारेत वीज सोडणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि त्या तारेला रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही चिकटतो. असल्या कामासाठी भरवशाचं साधन कुठलंच नसतं.

गाडी : आधी पेटी, मग चाकं

मासा पाण्याबाहेर आला की घड्याळ सुरू होतं. उन्हाळ्यात बर्फाविना काही तासांत त्याचा दर पडायला लागतो. नीट बर्फात ठेवलेला कटला-रोहू मात्र दहा-बारा दिवस चांगला राहतो. म्हणजे पैसा गाडीच्या वेगात नाही, बर्फात आहे. तरी गावात पहिली चर्चा पिकअपचीच होते.

पिकअपचा हिशेब करून बघू. धरा, 7 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, 5 वर्षं. हप्ता येतो महिन्याला साधारण 15 हजार 200, म्हणजे वर्षाला 1 लाख 82 हजार. हप्ता बारा महिने असतो, धंदा मात्र पावसाळा आणि पाण्याची ओढाताण सोडून नऊ महिने. महिन्याला 25 दिवस धरले तर 225 दिवस. दिवसाला 800 रुपये नुसता हप्ता. डिझेल, विमा, टायर, ड्रायव्हर वेगळे. ज्याच्याकडं रोज क्विंटलभर माल आहे, किंवा चार-पाच घरांचा माल जो एकत्र नेतो, त्यालाच हे झेपतं. एकट्याच्या वीस-पंचवीस किलोसाठी पिकअप म्हणजे शेळीला हत्तीची साखळी.

मोटारसायकलीचाही हिशेब आहे. 100 सीसीची गाडी माणूस आणि माल धरून साधारण 130 किलो वजनासाठी केलेली असते. चालवणारा 65 किलो, पेटी 15 किलो. उरले 50 किलो. त्यात उन्हाळ्यात मासा आणि बर्फ निम्मे-निम्मे, म्हणजे मासा 25 किलो. रस्त्यावर याच गाडीवर दीडपट-दुप्पट माल दिसतो, तेव्हा ब्रेक उशिरा लागतो, पुढचं चाक हलकं होतं, आणि मागची रिम वर्षात जाते. फेरी एक जास्त झाली तरी चालेल, पण वजन बेतात ठेवावं.

पेटी घेताना थर्माकोलची साधी पेटी महिन्यात कोपरे सोडते. दोन प्लॅस्टिकच्या भिंतींत फोम भरलेली, खाली पाणी निघायला बूच असलेली पेटी वर्षानुवर्षं टिकते. बर्फ फोडून खाली एक थर, मग मासा, मग पुन्हा बर्फ, असं भरावं. मोठ्या ढेकळांनी मासा दबतो, फुटतो.

गाडी धंद्यासाठी असेल तर विमाही धंद्याचाच काढावा. गाडीच्या बांधणीत बदल केला असेल, मागं लोखंडी सांगाडा जोडला असेल, तर आरटीओकडं विचारून तो कागदावर आणावा. घरगुती विम्याच्या गाडीवर माल नेताना अपघात झाला, की विमा कंपनीला हात वर करायला तेवढं कारण पुरतं.

शेवटी राहतं ते पहिलं

इंजिनाला लाखाच्या घरात, गाडीला काही लाख मोजणारा माणूस हजार-दीड हजाराच्या लाईफ जॅकेटला "पोहता येतं की" म्हणतो. पोहता येणं आणि कपडे, जाळ्याचा पीळ, लाटा आणि अंधार यांत तग धरणं, यात फरक आहे. जाळ्यात पाय अडकला तर पट्टीचा पोहणाराही घाबरतो.

जॅकेट घेताना आतला शिक्का बघावा. 50 न्यूटन लिहिलेलं जॅकेट काठाजवळ पोहणाऱ्याला आधार देण्यापुरतं असतं. ते शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवत नाही. रोजच्या कामाला किमान 100 न्यूटनचं, मानेमागं आधार असलेलं आणि आपल्या वजनाला बसणारं घ्यावं. लहान मुलांचं वेगळं येतं. मोठ्याच्या जॅकेटातून मूल खाली निसटतं. पर्यटक किंवा गावकरी नेणाऱ्या होडीत माणशी एक जॅकेट पाहिजे, आणि ते फळीखाली नाही, अंगावर पाहिजे.

जॅकेट नको वाटण्याचं कारण गरम होतं आणि हात आखडतात हे आहे, ते खोटं नाही. म्हणून खरेदीआधी घालून, हात फिरवून, जाळं ओढून बघावं. सोयीचं असेल तरच ते रोज अंगावर राहील.

मोबाईल तर सगळ्यांकडं आहे. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं दामिनी ॲप आसपास वीज पडायची शक्यता सांगतं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ काळवंडलं आणि वारा पडला, की जाळी दुसऱ्या दिवशी काढता येतात. मोबाईल पाणी न जाणाऱ्या पिशवीत गळ्यात अडकवावा. अडचणीत 112 लावायचा तर तो हाताशी पाहिजे.

मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्याला 25 हजार. हप्ता सरकार भरतं. फक्त नाव नोंदलेलं पाहिजे. केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल व्यासपीठावर नोंदणी सेवा केंद्रातून करता येते. आधार आणि बँकेचं खातं लागतं. घरातल्या बाईचं नावही नोंदवावं. मासे निवडणं, विकणं, जाळी शिवणं यातलं निम्मं काम त्याच करतात, पण कागदावर बऱ्याच जणींचं नाव नसतं. तसं झालं तर 60 टक्के अनुदानाचा हक्कही बुडतो.

शासनाच्या पातळीवर एक दुरुस्ती सहज होण्यासारखी आहे. होडी, इंजिन किंवा गाडीचं अनुदान मंजूर करताना जॅकेट आणि शीतपेटी त्याच बिलात सक्तीनं धरावी, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं ती पाण्याकाठी बघूनच सही करावी. गावपातळीवर मच्छीमार संस्था आणि ग्रामपंचायतीनं एकत्र येऊन वीस-पंचवीस जॅकेटं घेतली, तर दरात घासाघीस करता येते. उजनीकाठच्या बऱ्याच घरांची जमीन याच पाण्याखाली गेली, त्यानंतर ती घरं मासेमारीकडं वळली. त्यांच्यासाठी हे काही फार मोठं मागणं नाही.

तोवर घराघरात खरेदीचा क्रम असा ठेवता येईल : आधी जॅकेट, वल्ही आणि होडीचे हवाबंद कप्पे, मग विम्याची नोंद, मग चांगली बर्फाची पेटी आणि योग्य आसाचं जाळं, त्यानंतर इंजिन, आणि माल रोज भरून वाहायला लागला, की शेवटी गाडी. वळवाचे वारे सुटायच्या आत पहिल्या दोन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ. त्यांना कर्जही लागत नाही, अनुदानाची वाटही बघावी लागत नाही.